कुसुमला सही येत होती

माझ्या बायकोची एक गंमत मी काही वर्षं सांगत आलो. लॉकडाऊनमध्ये पोरीच्या कागदासाठी आम्ही अमरावतीला नोटरीकडे गेलो आणि तिथं ही बाई स्वतःचं नावच विसरली. बाळापूरच्या बाजारात सांगितली, सोयऱ्यांत सांगितली, तिच्यादेखत सांगितली. लोक पोट धरून हसले.

ती गंमत खोटी आहे. खरं सांगायचं मी टाळलं, कारण खऱ्या गोष्टीत हसण्यासारखं काही नाही.

नोटरी वकिलाच्या फाटकाला दोरी बांधलेली होती. दोरीच्या अलीकडे उन्हात आम्ही दोघं. पलीकडे व्हरांड्यात पंख्याखाली एक डॉक्टरीणबाई बसलेल्या, मास्क हनुवटीवर, हातात चहा. त्यांचा मुलगा अमेरिकेत. त्यांचे कागद वकिलानं हातात घेतले. आमच्यापुढे काठी आली. काठीच्या टोकाला कपड्यांचा चिमटा.

"कुठले?"

"बाळापूरकडचे जी. अकोला जिल्हा."

"अकोल्याचे? मागे सर. अजून मागे. कशानं आलात?"

"भाजीच्या गाडीत."

"वास येऊन राहिला," वकील म्हणाला. डॉक्टरीणबाई हसल्या. कारकुनानं पंपानं आमच्या अंगावर फवारा मारला. पाय, छाती, तोंड. मी वांग्यावर मारतो तसा. बायकोनं डोळे मिटून घेतले. मी म्हणालो, "बरं केलं साहेब."

असं लोकांना दूर उभं करणं त्या घराला नवीन नसावं. रोगानं फक्त दोरी दिली.

अकोल्यात कोर्ट बंद, नोटरी बंद. परदेशात चालतील असे कागद हा एकटा करून देतो, असं कळलं होतं. पोरगी नर्स. जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी लागलेली, पण जन्मनोंदीत आईचं नाव कुसुम आणि बाकी सगळीकडे शोभा. दोन्ही बाया एकच आहेत, असं आईनं नोटरीपुढे लिहून द्यायचं होतं. कागद वेळेत गेला नाही तर जागा दुसरीला जाणार होती.

नावं दोन झाली ती माझ्यामुळे. आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. मी कुसुमची शोभा केली. पहिलं बाळंतपण वरूडला माहेरी झालं. तिच्या बापानं पोरीच्या जन्मनोंदीत आपल्या लेकीचं खरं नाव घातलं.

मजकूर टाईप झाला. वकिलानं विचारलं, "अंगठा ना?"

"मले सही येते," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. आमच्या घरात आल्यापासून बँकेत, रेशनवर तिनं अंगठाच लावला होता. तिला लिहिता येत नाही, असंच मी धरून चाललो होतो. विचारलं कधीच नाही.

"अस्सं? मग आधी कच्च्या कागदावर करून दाखव."

काठीवरून कागद आला. तिनं तो मांडीवर धरला. चौथीतल्या पोरीसारखं, दाबून, सावकाश लिहिलं. कुसुम. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

वकिलानं कागद डॉक्टरीणबाईंना दाखवला. "बघा. आधारवर शोभा, आणि बाई लिहितात कुसुम. स्वतःचं नाव येत नाही, दुसऱ्या बाईचं येतं."

"दुसऱ्या बाईचं नाही, साहेब. माहंच हाय," ती म्हणाली. "दोन्ही नावं माहीच, हेच त लिवलं ना तुमी त्या कागदात? मंग हे काहून चालत नाही?"

वकील तिला सोडून माझ्यावर ओरडला.

"ए बुवा, हिला घेऊन जा. अक्कल असलेली बाई आण. नाहीतर आठ दिवसांनी ये."

आठ दिवस पोरीजवळ नव्हते. पण तेवढंच कारण होतं, असं म्हटलं तर परत खोटं होईल. मला त्या माणसाच्या बाजूचं व्हायचं होतं. त्या उन्हातून, त्या वासातून सुटायचं होतं. मी हसलो. मोठ्यानं हसलो आणि म्हणालो, "येडी हाय साहेब. नाव विसरली आपलं."

मग मी तिचा हात धरला. तिनं मूठ आवळली. मी बोटं उघडली, अंगठा शाईत दाबला आणि कागदावर दाबला. वकील म्हणाला, "आता कसं."

परतताना गाडीत रिकामे क्रेट होते. ती अंगठा पदराला घासत होती. मूर्तिजापूर गेल्यावर बोलली.

"त्या वकिलानं माह्या अंगाले बोट नाही लावलं. तुमी लावलं."

पोरगी जर्मनीला गेली. "बाबा, तुमच्यामुळं झालं," ती फोनवर म्हणाली. मी ते ऐकून घेतलं. आणि कोणी काही विचारायच्या आत ती गंमत सांगायला लागलो.

पोराचं लग्न झालं. नवी सून पल्लवी. तांदळाचं ताट आलं, पोराच्या हातात अंगठी. माझा भाऊ सुनेला म्हणाला, "नीट ध्यानात ठेव वं बाई. सासूसारखं नाव विसरशीन."

सगळे हसले. माझी बायको उठून आत गेली. माझ्या डोळ्यांपुढे तिची ती आवळलेली मूठ आली.

मी ताट उचललं. "हिचं नाव पल्लवीच राहीन," म्हणालो.

"दादा, रीत हाय ते."

"माह्या घरातून गेली."

एवढं बोललो. तुझी वहिनी काही विसरली नव्हती, हे एवढ्या लोकांसमोर तेव्हाही बोललो नाही.

आता बोलतो. ती गेल्या उन्हाळ्यात वारली. ज्या ज्या ओट्यावर मी ती गंमत सांगितली, तिथं जाऊन हे लिहिलेलं वाचणार आहे. भावाच्या घरी आधी. कोणी हसलं तर परत पहिल्यापासून वाचीन. त्या वकिलाचं फाटकही मला ठाऊक आहे. दोरी असो नसो, मी पलीकडे उभा राहून वाचीन.

तिला मात्र सांगायचं राहिलं. लग्नाची पाहुणेमंडळी गेल्यावर ती त्या ताटातले तांदूळ डब्यात भरत होती. मी शेजारी जाऊन बसलो. आयुष्यात तिला नावानं हाक मारली नव्हती. "अवं" म्हणूनच दिवस गेले. कुसुम म्हणायचं, मग चुकलं म्हणायचं, एवढं मनात घोकून आलो होतो.

"अवं," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. थांबली. डब्याचं झाकण हातातच होतं.

"काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "चहा ठेव."