बंद यंत्रांचा मिस्त्री

सरकारी दवाखान्यातल्या मिस्त्रीला देवाने कान दिले होते ते यंत्रांसाठीच. रक्त शुद्ध करणारं डायलिसिसचं यंत्र जरा कुरकुरलं, की तो दारातूनच म्हणे, "पंपाला सर्दी झालीय." दोन मोडक्यांतून एक धडधाकट करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती.

आता त्याच वॉर्डात अर्धी यंत्रं चादरी पांघरून उभी होती आणि मिस्त्री हाताची घडी घालून.

सरकारने परदेशाशी कसलासा व्यापार करार केला होता. त्यात काय लिहिलंय ते कोणालाच दाखवलं नव्हतं. मिस्त्रीच्या वाट्याला आली ती फक्त शेपटी: यंत्र यापुढे कंपनीचाच माणूस उघडेल, आणि ही अट बाहेर बोलायची नाही. सही कर, नाहीतर घरी बस. त्याने सही केली. कंपनीचा माणूस मात्र येतच नव्हता.

"मिस्त्री, पाने गंजले की हात?" सिस्टर येता-जाता विचारायच्या. "झोपा काढायला ठेवलंय वाटतं तुम्हाला."

तो कसंनुसं हसायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

खरा बुक्का बसायचा ताईकडे बघून. त्याची ही थोरली बहीण याच वॉर्डाच्या जिवावर जगत होती. यंत्रं कमी झाल्यापासून तिची डायलिसिसची पाळी लांबत चाललेली, पाय सुजून चपलेत मावेनात. त्या सकाळी ती धापा टाकत आली, तर तिचंही यंत्र बंद.

"अरे, तू आहेस ना?" ती म्हणाली. "लहानपणी माझं घड्याळ खोलून बसायचास, मारलं तरी ऐकायचा नाहीस. आता कोणाला घाबरतोस?"

मिस्त्री तिच्या यंत्रापाशी गेला. चादर ओढली आणि सगळ्या रुग्णांदेखत झाकण काढलं. एक झडप चिकटली होती. ती त्याने सोडवली, पुसली, परत बसवली.

"एवढंच होतं?" सिस्टर चकित झाल्या.

त्याने बटण दाबलं. पंप घुमला आणि थांबला. पडद्यावर ओळ उमटली, तिच्यावर त्याने बोट ठेवलं. सिस्टरनी मोठ्याने वाचली, "कंपनीचा कोड टाकल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे दुरुस्त झालंय, तरी चालू द्यायचं नाही?"

मिस्त्रीने पाना खिशात टाकला.

बातमी वर पोचली. अधीक्षक धावत आले. "काय केलंस हे! आता यंत्र उचलूनच नेतील ते."

"मग लोकांना तुम्ही तरी सांगा, साहेब."

"मी कसा सांगू?" साहेबांचा आवाज खोल गेला. "सही माझीही आहे."

ताईने सुजलेले पाय चपलांत कोंबले. "ह्याची सही, साहेबांची सही. सिस्टर, तुम्ही केलीत?"

"आम्हाला कोण विचारतंय!"

"आम्हालाही नाही विचारलं. मग आपण कशाला गप्प बसायचं? चला, फाटकावर बसू. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू."

ज्यांना चालवत होतं ते सगळे उठले. मिस्त्रीही निघाला, तसा साहेबांनी त्याचा दंड धरला.

"तू नाही. तू बाहेर दिसलास, तर चालू असलेली यंत्रंही काढून नेतील."

तो दारातच थांबला. जिना उतरताना ताई मध्येच पायरीवर बसली. उठायला तिला हात हवा होता. तो सिस्टरनी दिला.