पंपाची घासलेली पाटी

माझ्या सासूबाईंना वंगणाचा मोठा तिटकारा. आमच्या गावात नांगर असो की थ्रेशर, पूजा केल्याशिवाय नवी वस्तू कामाला लागत नाही. नळयोजनेचा पंपही विहिरीत उतरण्याआधी पुजायचाच होता. पण वंगणानं माखलेल्या वस्तूला कुंकू लावायचं कसं? आदल्या संध्याकाळी त्यांनी राख, विटेचा चुरा अन् नारळाची शेंडी घेतली अन् पंप असा घासला, की आमच्या समईनं लाजावं. पंपासोबत त्याची नंबराची पाटीही घासली. पाटी लख्ख झाली, अन् कोरीही.

पवनी तालुक्यातल्या काही गावांच्या नळयोजना माझ्याकडे आहेत. मी कनिष्ठ अभियंता, अन् त्यातलं एक गाव माझं सासर. योजना सरकारी पैशाची, म्हणून पंप, पाइप, व्हॉल्व सारं देशातच बनलेलं पाहिजे. पाटीवरचा नंबर कळवला की कारखाना दाखला देतो, तो मिळाला की पंप देशी. आता नंबरच गेला, तर कळवू काय, माझं कपाळ?

तपासणीला आलेले साहेब पंपाभोवती फिरले. "मॅडम, कुठला हा?"

"कोइमतूरचा. माझ्यासमोर ट्रकमधून उतरला."

"तुम्ही म्हणता म्हणून मानू?" ते अगदी नम्रपणे म्हणाले. त्याचाच जास्त राग आला.

कारखान्याला फोन लावला. नंबर सांगा, लगेच पत्र देतो, म्हणाले. अरे बाप्पा, नंबर असता तर तुम्हाला फोन कशाला केला असता! दुसरा पंप मागवला तर अख्खा उन्हाळा जाईल, असं ठेकेदारानं सांगितलं. म्हणजे अख्खा उन्हाळा बाया बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पलीकडच्या विहिरीवरून पाणी आणणार. त्यात माझ्या सासूबाई, गुडघे गेलेल्या. नवरा जवाहरनगरला नोकरीला, मी दिवसभर साइटवर.

सरपंच नात्यानं माझे चुलत सासरे. ग्रामपंचायतीत ते मला मॅडम म्हणतात, त्या दिवशी घरी आले ते सूनबाई म्हणत.

"सूनबाई, करून टाका न सही, पाटीवर नंबर पाहिला म्हणून. पंप देशीच आहे. तुमाले मालूम, मले मालूम."

मालूम होतं, तेच तर दुखणं! परदेशी असता तर एका फटक्यात परत पाठवला असता. हिवाळ्यात शेजारच्या गावातला व्हॉल्व मीच परत पाठवला होता. रंगाखाली परदेशी ठसा निघाला होता त्याच्या. पुरावा दाखवा नाहीतर उचला, असं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. आता ते गाव डोळे लावून बसलं होतं, मॅडम सासरी काय करतात म्हणून. नियम चांगला आहे, मी आजही म्हणते. पण अशी कोंडी कधी झाली नव्हती.

मी सही केली नाही. पंप शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिला.

सासूबाईंनी मला कधी विचारलं नाही. पण विहिरीवर बायका बोलतातच. एका सकाळी त्या पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन आल्या, गुडघा धरून ओट्यावर टेकल्या अन् म्हणाल्या, "मी घासलं म्हणून नळ अडला म्हणतेत. खरं का वो?"

"नाही, आई. नियमच तसा आहे."

"मंग तुह्या नियमाले सांगजो, घासणारी बुढी देशीच होती."

त्या हसल्या. मला कुठं तोंड लपवावं कळेना. दुसऱ्या खेपेसाठी रिकामा गुंड पडला होता, तो मी उचलला. त्यांनी उठून तो माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू दे, माय. तुले ऑफिसले उशीर होऊन राहिला."