दुसऱ्यानं अर्धं शिवलेलं

आमच्या गल्लीतले नरहरी शिंपी माणूस लाखातला, पण महाहट्टी. दुकानात विठोबाचा फोटो, त्याखाली मशीन आणि नियम एकच: दुसऱ्यानं अर्धं शिवलेलं कापड हातात घ्यायचं नाही. माझ्या भाच्याचं लग्न तोंडावर आलं असताना येलवालचा माझा जुना शिंपी दुकान बंद करून मुलाकडे निघून गेला. माझा निळा रेशमी ब्लाऊज बाह्या न लावताच माझ्या हाती आला. तो मी नरहरींकडे नेला, तर त्यांनी घडीसुद्धा उलगडली नाही.

"सुम्ने, उगाच वाद नको, इंदिराक्का," ते म्हणाले. "त्याच्या मनात काय होतं ते मला काय गोत्तु? बिघडलं तर नाव माझं."

मी लग्नात जुनाच ब्लाऊज घातला आणि राग मात्र जपून ठेवला.

काही वर्षांनी त्यांच्या मुलीनं, तुंगानं, डिग्री निवडली तीच अशी, की पहिली दोन वर्षं इथे म्हैसूरला आणि पुढची दोन कोलंबोला. विषय कपडे तयार करण्याचाच. दोन्हीकडच्या कॉलेजांनी मिळून काढलेला नवा कोर्स. इथली दोन वर्षं संपवून ती कोलंबोला निघायच्या सुमारास मी संधी साधली. म्हटलं, "काय हो, तिथले लोकही म्हणाले, दुसऱ्याचं अर्धं आम्ही घेत नाही, तर?"

नरहरींचं मशीन थांबलं. मी चेष्टा करायला गेले होते, पण त्यांच्या मनात नेमकी तीच भीती होती.

आणि झालंही तसंच. तुंगा कोलंबोला पोचली, तर कोर्स नवा असल्यानं तिथे म्हैसूरची दोन वर्षं धरायची की नाही याचाच घोळ सुरू झाला. नाही धरली तर पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. तेवढं नरहरींना झेपणारं नव्हतं, पोरीला परतच यावं लागलं असतं.  नरहरींचा मोबाइल सारखा मशीनवर समोर ठेवलेला असायचा, आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मला त्यांची काळजीच वाटायला लागली. रागबिग विसरून मी रोज दुकानात डोकावायचे.

अशीच एका दुपारी तिथे असताना फोन आला.

"अप्पा, मी म्हैसूरला शिवलेले कपडे सोबत आणले होते ना, ते इथल्या मॅडमनी उलटून आतून बघितले," तुंगा सांगत होती. "तिसऱ्या वर्षाला बस म्हणाल्या. एक विषय तेवढा परत द्यायचा."

"आय्तु, पोरी. झालं, झालं," नरहरी म्हणाले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. माझाही जीव भांड्यात पडला.

चष्मा परत चढवून ते म्हणाले, "इंदिराक्का, तो निळा ब्लाऊज आहे का अजून?"

मी घरून आणला. "पण आता मी काय त्यात मावते?"

त्यांनी ब्लाऊज उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवलं. येलवालच्या शिंप्यानं आत दोन्ही बाजूंना भरपूर कापड सोडून ठेवलं होतं.

"बघा," नरहरी म्हणाले, "पुढच्याची सोय करून गेलाय." आणि कात्रीच्या टोकानं हलकेच टाके उसवायला लागले.