भागवतची गाडी कधीच उशिरा येत नाही

संमेलनाध्यक्षांचं धोतर भिजलं ते विष्णुपंत सरांमुळे, याबद्दल गावात कुणाचंच दुमत नव्हतं. गावाचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यात आहे, एसटी थांबते, एवढं पुरे. शाळेच्या मैदानावर घोट्याएवढी धूळ, त्यातून ग्रंथदिंडी जायची, आणि सर तालुका साहित्य संमेलनाचे कार्यवाह. धूळ बसवायची तर आमच्याकडे एकच रीत. अग्निशमनची लाल गाडी बोलवायची आणि सडा मारून घ्यायचा. सप्ताह असो, कुस्त्यांचा फड असो, पुढाऱ्याची सभा असो, लाल गाडी आधी येऊन जमीन भिजवून जाते. आग विझवताना तिला पाहिलेली माणसं कमी, सडा मारताना पाहिलेली जास्त.

त्या सकाळी चालक दत्तरावांनी पंपाचा जोर जरा जास्तच धरला. पाइप सापासारखा उसळला आणि ग्रंथदिंडीची पालखी, तीत ठेवलेले ग्रंथ आणि मागे उभे असलेले अध्यक्ष एकदमच न्हाऊन निघाले. मंडळी हसली. अध्यक्षही हसले, कारण फोटो काढणारा समोरच होता. सर तर डोळे पुसून हसत होते.

पाइप सावरायला भागवत धावला होता. तो अग्निशमनमधला फायरमन, बावीस वर्षांची नोकरी, आणि आठवीत सरांच्या हाताखाली मराठी शिकलेला. गाडीमागची काचेची नळी बघून तो सरांजवळ आला. त्या नळीत टाकीतलं पाणी किती ते दिसतं.

"सर, बस करा आता. अर्धी टाकी राखून ठेवायची असती. नियम हाय."

"अरे भागवत," सर म्हणाले, "तुझ्या कादंबरीत लागते ती आग. आपल्या गावात सकाळी दहा वाजता कोण जळतंय? स्टेजपुढं अजून एक फेरी मार."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर भागवतनं ऐकलं नसतं. पण आठवीत ज्यांनी कान पिरगाळला, त्यांना चाळिशीतही नाही म्हणता येत नाही. त्यानं दत्तरावांना हात केला. स्टेजपुढची धूळ खाली बसली.

वर्दी आली ती पावणेअकराला. आगीची खबर येते, तिला त्यांच्यात वर्दी म्हणतात. नऊ किलोमीटरवर सटवाजींच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, कापसाला आग लागली होती. घरात माणूस अडकलं होतं.

आता हा भागवत कोण, ते इथं सांगायला हवं. खरं तर त्या दिवशी स्टेजवरून तेच सांगायचं होतं.

'सौ. बबिता' या नावानं मोबाइलवरच्या कथांच्या अॅपवर ज्या चौदा कादंबऱ्या निघाल्या, त्या भागवतच्या. बबिता त्याची बायको. हळदीकुंकवाला बायका तिचा हात धरून म्हणायच्या, "ताई, काय लिहिता हो! रुद्र वाचला का न्हाई तेवढं सांगा, मला जेवण जाईना गेलंय." बबितानं बिचारीनं कधी एक ओळ लिहिली नाही की वाचली नाही. ती म्हणायची, "बघू की, देवाच्या मनात असलं तर." बायकांना वाटायचं, केवढी मुरलेली लेखिका!

"स्वतःच्या नावानं का लिहीत नाहीस?" सरांनी एकदा विचारलं होतं.

"फायरमननं पिरेमाचं लिहिलं तर लोक वर्दी द्यायच्या आधी हसतील, सर."

रुद्र हा त्याचा नायक. फायरमन, सहा फूट उंच, छाती अशी की जाकीट शिवणाऱ्याला दोन मापं घ्यावी लागतील. नायिका दर कादंबरीत वेगळी, पण प्रत्येकीच्या मागावर कुणीतरी असायचं, प्रत्येकीकडं एक गुपित असायचं आणि शेवटी ती तेराव्या मजल्यावर आगीत सापडायची. सर त्याची फार थट्टा करत.

"अरे, आपल्या गावात तीन मजल्यांवर फक्त कबुतरं राहतात. तेरावा मजला तू बघितलास कुठं?"

"सर, तुमी स्वर्ग बघितलाय का? तरी कीर्तनात मान हलवताच न्हवं."

एक गोष्ट मात्र चौदाही कादंबऱ्यांत ठरलेली. गाडी वेळेवर यायची. रस्त्यात लग्नाची वरात असो, पूल तुटलेला असो, खलनायकानं टायर फोडलेले असोत, शेवटच्या पानावर गाडी येणार, शिडी लागणार, रुद्र तिला खांद्यावर घेऊन उतरणार. सर म्हणाले होते, "एकदा तरी उशिरा येऊ दे की. वाचक रडेल, पुरस्कार मिळेल."

भागवत तेव्हा हसला नव्हता. "गाडी उशिरा आली की कादंबरी संपती, सर. मग नुस्ता पंचनामा राहतो."

त्यानं पंचनामे फार पाहिले होते. मूळचा बोरीचा, शेतकऱ्याचा पोरगा, पोहायला पटाईत, म्हणून नोकरीत घेतलेला. आग विझवण्यापेक्षा त्याचं काम काढण्याचं जास्त. विहिरीतून म्हैस काढायची, गाळातून ट्रॅक्टर काढायचा, आणि बऱ्याचदा माणूस काढायचं. माणूस काढलं की तो दिवसभर जेवायचा नाही. बबिता ताट वाढायचीच नाही, नुसतं ताक ठेवायची.

पहिली कादंबरी त्यानं लिहिली ती ताडकळसकडच्या एका विहिरीमुळं. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी होती. त्यानंच तिला दोरानं वर घेतली. तिच्या तळहातावर बॉलपेननं फोन नंबर लिहिलेला होता. सहा आकडे दिसत होते, शेवटचे चार धुऊन गेले होते. कुणाचा नंबर, कशासाठी लिहिला, ती त्याला फोन करणार होती की करून झाला होता, कुणालाच कळलं नाही. पोलिसांनी आकडे टिपून घेतले आणि कागद फायलीत गेला. भागवतच्या डोक्यातून ते सहा आकडे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यानं दोनशे पानी वही आणली आणि त्या पोरीला जिवंत करून लिहायला बसला. वहीत तिनं फोन केला, समोरच्यानं उचलला, आणि गाडी वेळेवर आली.

हे त्यानं फक्त सरांना सांगितलं होतं. म्हणून सरांनी ठरवलं की यंदाच्या संमेलनात भागवतचा सत्कार करायचा आणि सौ. बबिता म्हणजे कोण ते गावाला सांगायचं. शाल आणली होती, नारळ आणला होता. धूळ नको म्हणून सडा मारला होता.

वर्दी ऐकताच भागवत गाडीवर चढला. टाकीत पाव हिस्सासुद्धा पाणी नव्हतं. जलकुंभाखाली लावून भरायची तर बारा मिनिटं जाणार. दत्तरावांनी विचारलं, "भरून घेऊ?" भागवत म्हणाला, "चला. मागून टँकर मागवा." गाडी निघाली तेव्हा मैदानाची भिजलेली माती टायरांना चिकटून उडाली, आणि सरांच्या नव्या झब्ब्यावर चार शिंतोडे पडले. ते अजून गेलेले नाहीत. प्रभावतीकाकूंनी, सरांच्या पत्नींनी, दोनदा धुतला. मग ठेवून दिला.

पुढचं सरांनी पाहिलं नाही, दत्तरावांकडून ऐकलं. कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला होता. भाव येईल म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात. वायरीची ठिणगी पडली. कापसाची आग मोठी लबाड असते. आधी वरच्या वर पळते, मग आत शिरून धुमसत बसते. सटवाजींची सून नीलम मागच्या खोलीत डाळ निवडत बसली होती. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. भागवत पाइप घेऊन आत शिरला, पुढची खोली ओलांडून मधल्या दारापर्यंत गेला, आणि पाइपाच्या तोंडातून पाणी यायचं थांबलं. आधी फुसफुस झाली, मग वारा आला, मग काहीच नाही. त्यानं पाइप टाकला, ओलं पोतं अंगावर ओढलं आणि तसाच पुढं गेला. नीलमला त्यानं बाहेर आणलं. परभणीच्या दवाखान्यात ती संध्याकाळपर्यंत बोलत होती. डाळ अर्धी निवडायची राहिली म्हणत होती. मग गेली.

भागवतचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

सत्कार झाला नाही. संमेलन मात्र झालं, कारण अध्यक्ष आलेले होते आणि जेवण तयार होतं.

त्यानंतर गावानं सरांची समजूत काढायला सुरुवात केली. समजूत काढण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "कापसाची आग ती सर, तळं ओतलं असतं तरी विझली नसती." मास्तर मंडळी म्हणाली, विधिलिखित. सटवाजी स्वतः भेटायला आले आणि सरांचाच हात हातात घेऊन म्हणाले, "तुमी नका मनाला लावून घेऊ, सर. तिचं तेवढंच होतं." सरांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच. ज्याच्या घरात उंबऱ्यावर दिवा लावलेला, तो यांची समजूत काढत होता.

सरांचं जेवण तुटलं. घास हातात घेऊन ते बसून राहायचे. त्यांना एकच गोष्ट हवी होती. सगळं गाव म्हणत होतं की पाण्यानं काही फरक पडला नसता. पण गाव आगीत गेलं नव्हतं. मधल्या दारापर्यंत एकच माणूस गेला होता.

"मग विचारा की त्याला," प्रभावतीकाकू म्हणाल्या. "एकतर विचारा, नाहीतर जेवा. दोन्ही सोडून बसू नका."

सर दवाखान्यात चार वेळा गेले. दर वेळी मोसंबी नेली, दर वेळी हवापाण्याचं बोलून परत आले. एकदा तर हवापाण्यातला 'पाणी' हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा त्यांना ठसका लागला आणि भागवतनंच डाव्या हातानं त्यांना पेला पुढं केला.

सव्वा महिन्यानं भागवत घरी आला. अग्निशमनच्या मागं त्याचं क्वार्टर, दोन खोल्या. उजवा हात पट्टीत, बोटं अजून वळत नव्हती. इकडे पंधरावी कादंबरी एक्केचाळिसाव्या भागावर अडकलेली. नायिका सूतगिरणीत कोंडलेली, चारी बाजूंनी आग, आणि रुद्रचा पत्ता नाही. वाचक मंडळी हैराण. बबितानं मोबाइल सरांपुढं धरला. "बघा की सर, माझ्या नावानं शिव्या यायल्यात. एकजण म्हणती, ताई तुमी मेलात का?"

"मी लिहून घेतो," सर म्हणाले. "तू सांग, भागवत. रोज चारला येतो."

त्यांना वाटलं, ही आपली शिक्षा. आणि आत कुठंतरी असंही वाटलं की हा माणूस कथेत सगळ्यांना वाचवतो, तळहातावरचे धुऊन गेलेले चार आकडे भरून काढतो. आपल्यासाठीही एवढंसं काहीतरी भरून काढेल. दयाळू माणूस आहे.

रोज चारला सर यायचे, वही उघडायचे. भागवत खाटेवर बसून भिंतीकडं बघत सांगायचा. मधेच सरांमधला मास्तर जागा व्हायचा.

"अरे, 'तिचे डोळे समुद्रासारखे' कसे? तू समुद्र कधी बघितलास?"

"मग येलदरीच्या धरणासारखे लिहा. तेवढं बघितलंय."

बबिता आतून हसायची. त्या घरात हसू ऐकलं की सरांना बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाज वाटायची.

अठ्ठेचाळिसाव्या भागाला शेवट आला. बबितानं चहा आणून ठेवला. बाहेर गाडी उभी होती, धुऊन पुसून. हल्ली तिला सड्याला कुणी बोलवत नाही. बोलवतील परत. लोक विसरतात.

"लिहा, सर," भागवत म्हणाला. "रुद्र मधल्या दारापाशी पोचला. धुरात त्याला तिची हाक ऐकू आली. त्यानं खिडकीतून खाली बघितलं. गाडी येऊन उभी होती. टाकी काठोकाठ भरलेली होती."

सरांनी 'काठोकाठ' लिहिलं आणि पेन तिथंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला.

"पुढं लिहा की. पाण्याचा फवारा आला, रस्ता मोकळा झाला..."

सरांनी वही मिटली. चष्मा काढला. तो नसला की त्यांना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, कदाचित त्यासाठीच काढला असेल.

"भागवत," ते म्हणाले, "त्या दिवशी आपली टाकी भरलेली असती, तर?"

आत बबिताचं भांडं वाजायचं थांबलं. भागवतनं पट्टीतला हात मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला. पहिल्यांदाच भिंत सोडून त्यानं सरांकडं पाहिलं.

"वाचली असती, सर."