सत्कारात गेलेली चार षटकं

अहमदपूरच्या मैदानावर त्या दिवशी आधी तासभर सत्कारच चालले. शाल, नारळ, भाषण, पुन्हा शाल. मी नांदेडच्या एका कॉलेजात गणित शिकवते आणि मुलींच्या सामन्यांना गुणलेखक म्हणून बसते. नुसती चडफडत बसले होते. अंतिम सामना वीस षटकांचा, पण भाषणं संपल्यावर पंच म्हणाले, "आता सोळा-सोळाच खेळू." मी मान डोलावली, पण लॅपटॉपवर वीसचे सोळा केले नाहीत. म्हटलं, करू नंतर.

आमच्या कॉलेजनं अठ्ठ्याण्णव धावा केल्या. सोळा षटकं झाली तरी लॅपटॉप डाव चालूच आहे म्हणत होता. मी घाईत 'चार षटकं वाया गेली' असं भरून त्याला गप्प केलं. मग कंधारच्या मुली उतरल्या आणि दोनच षटकांत पाऊस आला.

त्यांची कप्तान माझ्या मांडवात येऊन उभी राहिली. एक पाय सारखा हलत होता.

"मॅडम, आज हरले तर खेळ बंद. बाबा म्हणलेत, जिंकलीस तर नांदेडला विभागाच्या सामन्याला जा, न्हाई तर बॅट देऊन टाकतो."

"गप गं, जिंकशील."

पाऊस थांबला. पंचांनी त्यांना एकूण बाराच षटकं दिली. पावसानं षटकं कमी झाली की नवं लक्ष्य काढायचं, त्यासाठीच तर हे सॉफ्टवेअर. मी बटण दाबलं. चौऱ्याऐंशी. ती पडद्यावर वाकून बघत होती.

"जमतंय मॅडम," म्हणाली.

शेवटच्या चेंडूला ऐंशी झाल्या होत्या, चार हव्या होत्या. तिनं उंच मारला आणि सीमेवर झेल गेला. आमच्या मुली नाचत सुटल्या. मीही टाळ्या वाजवल्या.

परतताना एसटीत, लोहा यायच्या आधी, सहज लॅपटॉप उघडला आणि माझी चूक दिसली. दोन्ही संघांचं सोळाचं आधीच ठरलेलं. त्या यंत्राला मात्र वाटलं, आमच्या मुलींचा वीस षटकांचा डाव मध्येच तोडला. म्हणून त्यानं आम्हाला भरपाई दिली आणि कंधारचं लक्ष्य वाढवून ठेवलं. नीट भरलं तर आकडा येत होता एकोणऐंशी. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

आयोजकांना फोन केला. "मॅडम, कप दिला, सत्कार झाला. आता कशाला उकरून राहिल्यात?" सत्कार! माझं डोकंच फिरलं. कॉलेजात सांगितलं तर सोबतीण म्हणाली, "आपल्याच पोरी जिंकल्या ना, तुला काय किडा चावलाय?" चार दिवस अन्न गोड लागेना. वर्गात उदाहरण सोडवता सोडवता मध्येच थांबायची. ती हलणाऱ्या पायाची पोरगी डोळ्यांपुढून हलेना. लाज वाटत होती, भीतीही. पाचव्या दिवशी कंधारची गाडी धरली.

तिच्या वडिलांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, मागंच घर. मी गुणपत्रक त्यांच्यापुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. चूक माझी, पोरीची नाही, हेही.

"म्हंजी पोरगी जिंकली व्हती?"

"हाव."

ते हातातला पाना तसाच धरून बसले. "त्या झेलापायी लई बोललो मी तिला."

आवाज ऐकून ती बाहेर आली. हात पिठाचे होते. मी पुन्हा सगळं सांगितलं, माफी मागितली. ती कागदाकडं बघत राहिली.

"मॅडम, मग तो शेवटचा चेंडू?"

"तो टाकायलाच नको होता गं. तू आधीच जिंकली होतीस."

ती उंबऱ्यावरच बसली आणि रडायला लागली. मलाही आवरेना.

वडील उठले. "बॅट आण बरं तुझी," म्हणाले.

"तुम्हीच देऊन टाकली की बाबा, त्याच दिवशी, शेजारच्या पोराला."

त्यांनी पाना खाली ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि दुकान उघडंच टाकून भराभरा निघाले.