सतरा चुका

मालाडला आमच्या एका मित्राचे दहावी-बारावीचे क्लास आहेत. रविवारी सकाळी वर्ग रिकामा असायचा, तेव्हा आम्ही पाच जण तिथल्या बाकांवर विज्ञानकथा वाचत बसायचो. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करतो. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर आम्ही बोरिवलीला आलो. घरात किंवा लॅबमध्ये परग्रहांबद्दल कुणाशी बोलायची सोय नव्हती. आठवडाभर मी त्या दोन तासांची वाट बघायचो.

आमचा मुख्य उद्योग म्हणजे चुका काढणं. एका दिवाळी अंकातल्या कथेत नायक मंगळावर उघड्यावर उभा राहून उदबत्ती लावतो. त्या उदबत्तीवर आम्ही एक अख्खी सकाळ घालवली. आधी पोट धरून हसलो. मग क्लासवाल्या मित्राने खडू घेतला आणि ती उदबत्ती पेटायची असेल तर नायकाभोवती काय काय असावं लागेल हे आम्ही फळ्यावर मांडलं. शेवटी ती पेटली. लेखकाला यातलं काही कधी कळलं नाही, पण त्या सकाळी त्याची कथा आमच्याइतकी मन लावून दुसऱ्या कुणी वाचली नसेल.

आमच्यातली एक जण लिहायची. ती वर्सोव्याची, कोळ्यांच्या घरातली. भावाची होडी होती, आई अजूनही बाजारात मासळी घेऊन बसायची आणि ही शाळेत गणित शिकवायची. तिने कादंबरी लिहायला घेतली: पृथ्वीला दुसरा चंद्र मिळतो, समुद्राचं सगळं वेळापत्रक बिघडतं आणि एक कोळीवाडा नव्याने भरती-ओहोटी शिकतो. दोन वर्षं ती दर रविवारी चार-पाच पानं आणायची आणि आम्ही त्यावर तुटून पडायचो. माझी यादी सर्वांत लांब असायची. ती वहीत सगळं उतरवून घ्यायची, काही दुरुस्त करायची, काही ठिकाणी म्हणायची, राहू दे रे, मला ते तसंच हवंय.

एकदा मात्र तिने मला धडा शिकवला. तिसऱ्या प्रकरणात दोन्ही चंद्र एका रेषेत येतात आणि त्याच दिवशी होड्या खाडीच्या चिखलात अडकतात. मी म्हटलं, हे चूक आहे. त्या दिवशी उधाण असणार, पाणी वाढणार, होड्या अडकतील कशा? ती उठली, फळ्यावर खाडी काढली. उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला खाली जातं, आणि होड्या नेमक्या त्याच दिवशी चिखलात बसतात, हे तिने लहान मुलांना समजवावं तसं समजावलं. सगळे माझ्यावर हसले. मीही हसलो. तो माझा फार आनंदाचा रविवार होता.

कादंबरी छापून आली. एका लहान प्रकाशकाने काढली, मुखपृष्ठ जरा भडक होतं, पण आम्हाला कोण कौतुक. मला वाटलं, आपण काहीतरी करायला हवं. विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा एक मोठा ऑनलाइन ग्रुप आहे, हजारो लोक त्यात आहेत. तिथे मी लिहिलं: ‘या कादंबरीतल्या सतरा चुका’. आमच्या रविवारच्या भाषेत, टिंगलीच्या सुरात. शेवटी, पुस्तक जरूर वाचा, असं एक वाक्य. पुस्तकात दुरुस्त झालेल्या चुका तेवढ्या गाळून यादी मी माझ्या जुन्या वहीतून जशीच्या तशी उतरवली होती.

संध्याकाळपर्यंत शेकडो लोकांनी ते वाचलं. लॅबमध्ये मी दर दहा मिनिटांनी फोन बघत होतो. इतकं कौतुक माझ्या वाट्याला आयुष्यात कधी आलं नव्हतं. लोक मला ‘सर’ म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सूर बदलला. पुस्तक न वाचलेले लोक लिहू लागले की मराठीत विज्ञानकथेच्या नावाखाली काहीही खपतं. मग एकाने व्हिडिओ केला. माझे मुद्दे एकेक करून वाचले, प्रत्येकानंतर पुस्तकाचं पान कॅमेऱ्यासमोर धरून थोडा थांबला. माझ्या नावाचा उल्लेखही आदराने केला. सर्वांत जास्त वेळ त्याने नवव्या मुद्द्यावर घालवला. बाई कोळीवाड्यातल्या म्हणवतात आणि यांना भरती-ओहोटी कळत नाही, असं तो म्हणाला. खाली लोकांनी जे लिहिलं ते मला इथे लिहवत नाही. पुस्तकं सोडा आणि टोपली उचला, हे त्यातलं सर्वांत सौम्य.

नववा मुद्दा होड्यांचा होता. फळ्यावर खाडी काढून तिने जो खोडून काढला होता तोच. माझ्या वहीत तो तसाच राहिला होता आणि उतरवताना माझ्या लक्षात आलं नाही.

मी लगेच खुलासा लिहिला. ती चूक माझी आहे, बाकीचंही प्रेमाने लिहिलंय, आमच्यात असंच चालतं. एकाने विचारलं, मग उरलेल्या सोळा चुका खोट्या आहेत का? खोट्या नव्हत्या. मी तसं लिहिल्यावर तो खूश झाला. कुणीतरी म्हणालं, मैत्रीण दिसतेय, सरांवर दबाव आलेला दिसतो. व्हिडिओवाल्याला मी तीनदा कळवलं. त्याने उत्तर दिलं नाही. त्याची वाक्यं आणि माझी वाक्यं शब्दाला शब्द सारखी होती. माझी वेगळी कशी, हे लोकांना दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं.

तिचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी मीच वर्सोव्याला गेलो. ती घराबाहेर ओट्यावर वह्या तपासत बसली होती. समोर बांबूंवर बोंबील वाळत होते. तिने बसायला सांगितलं, पाणी आणून दिलं. मी बरंच काही बोललो, की हेतू तसा नव्हता, लोक असे वागतील याची कल्पना नव्हती, वही बघायला हवी होती. तिने मला थांबवलं नाही. माझं बोलणं संपल्यावर तिने हातातली वही मिटली.

“त्या सगळ्या चुका तू मला आधीच सांगितल्या होत्यास ना?” तिने विचारलं.

“हो.”

“मग तिथे कुणासाठी लिहिल्यास?”

ती चिडलेली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी प्रामाणिक असतो तर म्हणालो असतो, माझ्यासाठी. ते मी तेव्हा म्हणालो नाही. नंतर म्हणायची संधी आली नाही.

आईला शेजारच्या पोरीने व्हिडिओ दाखवला, एवढंच तिने पुढे सांगितलं. आई काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

चार-पाच महिन्यांनी ती एका रविवारी वर्गात आली. नवी कथा आणली होती, सहा पानांची. तिने स्वतः वाचून दाखवली. दुसऱ्या पानावर तारखांचा घोळ होता. शेवटी यान ज्या वेगाने परत येतं तो शक्य नव्हता. आम्हा चौघांनाही ते दिसलं असणार. क्लासवाला मित्र म्हणाला, छान आहे. बाकीचे दोघे म्हणाले, मस्त जमलीय. माझ्याकडे नजर वळली तेव्हा मीही म्हणालो, छान आहे.

तिने वही उघडून पेन हातात धरलं. कुणी काही बोलेल असं तिला वाटत असावं. मग तिने पानं नीट जुळवून पिशवीत ठेवली आणि शाळेच्या परीक्षांबद्दल काहीतरी सांगितलं. त्यानंतर ती आली नाही. दोन-तीन रविवार आम्ही चौघे बसलो. कुणी पुस्तक उघडलं तरी चूक कुणीच काढायचं नाही. मग मित्राने रविवारी जादा तास सुरू केले आणि त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

गेल्या महिन्यात मढला जाताना फेरीबोटीत ती भेटली. हातात भावाच्या मुलीसाठी घेतलेलं दप्तर होतं. तिने माझ्या जुन्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. मी विचारलं, लिहितेस का काही?

“नाही रे,” ती म्हणाली. “जमत नाही आता.”

पलीकडचा धक्का जवळच असतो, पाच मिनिटांत बोट लागली. ती पुढे होती. उतरताना तिने मागे वळून हात केला आणि माणसांमधून निघून गेली.