नुसत्या तारा आणि मेल्विनाचं मत

मालवणात भरड नाक्यावरून बाजाराकडे उतरताना सीटमेकरचं एक दुकान लागतं. रिक्षाच्या सीटा, हूड, मोटरसायकलची कव्हरं. कुणी फारच गळ घातली तर जुना सोफाही. पाटीवर अजून साल्वादोर आल्मेडा असं नाव आहे, पण साल्वादोर अंकल जाऊन बरीच वर्षं झाली. मशीनवर बसते ती त्यांची मुलगी मेल्विना. पंचेचाळिशीची, उंच, आखूड केसांची. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं की ती त्याला रेग्झिनचा रंग कुठला हवा ते विचारते.

बाप हयात होता तेव्हा लोकांनी त्याला सांगून पाहिलं होतं, की मुलीला शिवण शिकवायचीच तर फ्रॉक-ब्लाउजची शिकव, रिक्षाच्या सीटा कसल्या शिकवतोस? अंकलनी सगळ्यांना हो हो म्हटलं आणि तिला जाड सुई कशी धरायची ते दाखवलं. माझा फोटो स्टुडिओ समोरच आहे, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एकदा त्या दुकानात ड्रमवाल्याचं फाटलेलं स्टूल आलं. सावंतवाडीची चार पोरं होती, सगळी विशीतली, बँडचं नाव 'काळो फातर', म्हणजे काळा दगड. संध्याकाळी देवगडला कार्यक्रम आणि स्टुलाचा फोम बाहेर आलेला. मेल्विनाने हातातलं काम बाजूला ठेवून ते शिवून दिलं. पोरांनी खूश होऊन आपली पहिली सीडी, 'गंज', तिच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने ती लावली आणि मला रस्त्यापलीकडून हाक मारली.

"आयक रे! ह्यांका धड गावाक येणा नाय, पण बघ काय गातत!"

आमच्याकडे गाणं म्हणजे भजन, दशावतार, नाहीतर लग्नातला बँड. हे काहीतरी तिसरंच होतं. आधी बेस गिटारचा खालचा, जड सूर यायचा, जमिनीतून आल्यासारखा, मग ड्रम, आणि बऱ्याच वेळाने गाणारा चंदन, ओरडत, मालवणीत. बंद पडलेल्या कारखान्यांवर, चिऱ्याच्या खाणींवर, परत न आलेल्या भावांवर. दोन वर्षांनी दुसरी सीडी, 'फाटक बंद', आली, ती त्याहून रागीट. मेल्विनाच्या दुकानात रिक्षा घेऊन येणाऱ्या माणसांना ही गाणी पाठ झाली, आवडो न आवडो.

पुढे बँड थंडावला. बेस वाजवणारा बाबू मस्कतला गेला, बाकीचे नोकऱ्यांना लागले. पण ऐकणारे राहिले. सावंतवाडीत इलेक्ट्रिकचं दुकान असलेल्या गुरुप्रसादने व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला, 'फातरवाले'. त्यात मी होतो, मेल्विना होती, कणकवलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतची माणसं होती. कुठली सीडी श्रेष्ठ, कुठल्या कार्यक्रमात चंदन शब्द विसरला, यावर तिथे न संपणारी भांडणं व्हायची, आणि मेल्विना त्यात सगळ्यांत पुढे असायची.

मग तिचे कान जायला लागले.

आधी गिऱ्हाइकांचे शब्द निसटू लागले. 'काळं' सांगितलं की 'निळं' शिवलं जायचं. शेवटी तिचा भाऊ क्लाइव्ह म्हापशाहून आला आणि तिला कोल्हापूरला डॉक्टरकडे घेऊन गेला. कानांच्या नसा कमकुवत होत चालल्या आहेत, डॉक्टर म्हणाले. वरचे, बारीक आवाज आधी जातील, खालचे जाड आवाज जास्त दिवस राहतील. कानाला मशीन लावा, आणि मोठा आवाज कानावर घेऊ नका.

क्लाइव्हने परत आल्या आल्या दुकानातला स्पीकर काढून पिशवीत घातला. तो चांगला माणूस आहे, बहिणीवर जीव आहे त्याचा. पण त्याला वाटलं, विषय संपला.

"बाय, आता ह्या पुरे. आवाज बंद म्हणजे बंद."

"पिशवीतून भायर काढ."

"डॉक्टरान काय सांगल्यान?"

"कानावर घेव नको म्हणून सांगल्यान. हातावर घेव नको म्हणून नाय सांगूक."

तिने स्पीकर कटिंगच्या टेबलावर पालथा ठेवला. आवाज पूर्वीपेक्षा कमी केला, इतका की माझ्या स्टुडिओपर्यंत पोचेना. टेबल जुन्या फणसाच्या फळीचं आहे. त्यावर तिने तळहात टेकले आणि 'गंज'मधलं त्याच नावाचं गाणं लावलं. बाबूचा बेस फळीतून तिच्या मनगटात चढला. क्लाइव्ह पाहत राहिला, मग बसस्टँडकडे गेला. त्या दिवसापासून ती तशीच ऐकते. कानातलं मशीन गिऱ्हाइकांसाठी, टेबल गाण्यांसाठी.

गेल्या वर्षी ग्रुपवर बातमी आली, की 'काळो फातर' परत येतोय. नवी सीडी नव्हती, आता सीडी कोण काढतो. फोनवरच आलं सगळं. नाव 'नुसत्या तारा'. चंदन आणि एक साधी गिटार. ड्रम नाही, वीज नाही, बाबू नाही. जुनीच गाणी, हळू म्हटलेली, दोन-चार नवी.

ग्रुप आनंदाने वेडा झाला. वैभववाडीच्या कॉलेजात शिकवणारी संचिता, आमच्यातली सगळ्यांत लहान, तिने लिहिलं, "पहिल्यांदाच शब्द नीट कळले. इतकी वर्षं त्या गोंगाटाखाली केवढी कविता दडली होती!" कुणीतरी लिहिलं, आता आई-वडिलांसमोर लावता येतं. गुरुप्रसादने लिहिलं, "पोरं मोठी झाली. आता ओरडण्याची गरज उरली नाही."

मेल्विनाने दुकान दुपारी बंद करून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. आधी मशीन लावून, मग टेबलावर. मशीनमधून तिला तारा खरवडल्यासारखं काहीतरी आलं आणि चंदनच्या कुजबुजीतून एक श्वास. टेबलावर तर फळी थंडच राहिली. मग तिने ग्रुपवर लिहिलं:

"माका ह्यातला अर्धा आयकाक येणा नाय. आणि जेवढा येता तेवढा वायट आसा. बेस काढलो, राग काढलो, रवला काय?"

मग गुरुप्रसादचा मेसेज आला. त्याने तो फार जपून लिहिला होता, हे मला माहीत आहे, कारण 'टायपिंग' असं बराच वेळ दिसत होतं. "मेल्विना, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या कानांचा त्रास आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच या अल्बमवर तू मत दिलं नाहीस तर बरं, असं वाटतं. दोष रेकॉर्डचा नाही."

खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

मी रस्ता ओलांडून दुकानात गेलो. मेल्विना रिक्षाच्या हुडाला खिळे मारत होती, जरा जास्तच जोराने. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, कारण ओठ दिसले की तिला कळतं.

"सोड ना," मी म्हटलं. "तो प्रेमाने बोलला."

"तांच तर. शिव्या घातल्यान असत्यान तर मी उलट शिव्या घातलंय असतंय. माझी कीव केल्यान. वीस वर्सां मी ह्या बँडार भांडतंय. आता कान गेले म्हणान माझा मत पण गेला?"

त्या महिन्यातल्या एका रविवारी सावंतवाडीला तलावाजवळच्या हॉलमध्ये सगळ्या फातरवाल्यांनी जमायचं ठरलं होतं. चंदन येणार होता, नव्या अल्बममधली काही गाणी म्हणणार होता. क्लाइव्हने फोन करून, मग मेसेज करून सांगितलं, जाऊ नको, उगाच तमाशा होईल. मेल्विनाने त्याला उत्तर पाठवलं, "जातलंय." आणि मला म्हणाली, "गाडी काढ."

हॉलमध्ये पन्नासेक खुर्च्या, समोर बुटकं लाकडी व्यासपीठ, त्यावर एक स्टूल, एक माईक. चंदनचे केस पांढरे झाले होते. मेल्विना पहिल्या रांगेत बसली. पहिलं गाणं झालं, टाळ्या झाल्या. तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की तिच्यापर्यंत फक्त टाळ्याच पोचल्या. दुसऱ्या गाण्याआधी ती उठली, आपली खुर्ची उचलली आणि सरळ चंदनच्या शेजारी नेऊन ठेवली.

"मेल्विना, खाली बस गो," गुरुप्रसाद मागून म्हणाला. तिला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

"मी मेल्विना," ती चंदनला म्हणाली. "तुमचा स्टूल शिवलेला मिया. माका आयकाक कमी येता. तुझ्या गिटारीक हात लावून आयकतलंय. चलात?"

चंदन गोंधळला. त्याने गुरुप्रसादकडे पाहिलं, मग तिच्याकडे. स्टुलाची त्याला आठवण होती की नव्हती, कोण जाणे. "चलात," तो म्हणाला.

तिने गिटारच्या खालच्या बाजूला तळहात टेकला. चंदनने 'गंज' सुरू केलं, नवं, हळू. ती डोळे मिटून बसली. हॉलमधली बरीच माणसं मोबाईल वर धरून होती. आता ही रडणार, आता कायतरी सुंदर बोलणार, असं प्रत्येकाला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

गाणं संपलं. तिने हात काढला.

"लाकूड चांगला आसा," ती म्हणाली. "पण गाणा मारलंस तू."

कुणीतरी हसलं. चंदनचा चेहरा उतरला, मग तापला.

"बाई, बावीस वर्षांचा होतो तेव्हा ओरडलो. आता सेहेचाळीसचा आहे. बाबू मस्कतला आहे. मी काय करायचं? गप्प बसायचं?"

"गप्प कित्याक? नवीन गाणी कर! हळू कर, कुजबुजत कर, तुझी मर्जी. पण 'गंज' कारखानो बंद पडलो म्हणान केललंस ना? माझ्या दुकानात रोज येतत त्या कारखान्यातली माणसां. त्यांचो राग अजून हळू जावक नाय. तुझो गेलो तर तसा सांग."

चंदनने गिटार मांडीवरून उतरवली. मग म्हणाला, "माझाही गेलेला नाही. दमलोय मी."

"मगे दमलंय म्हणान गाणा कर. ता मी आयकन."

तेवढ्यात संचिता उठून पुढे आली. आता ही मेल्विनाला हाताला धरून खाली नेणार, असं मला वाटलं. तिने व्यासपीठाच्या कोपऱ्यातला मोठा स्पीकर दाखवला आणि मेल्विनाला दिसेल असं तोंड करून विचारलं, "ताई, जुनं कसं ऐकता तुम्ही? मला दाखवाल?"

स्पीकर थेट फळ्यांवर ठेवलेला होता. फोनवरून जुनं 'गंज' लावलं, फार मोठ्याने नव्हे. मेल्विना फळ्यांवर मांडी घालून बसली, तळहात टेकले. संचिता तिच्याशेजारी बसली. मग मीही गेलो, कारण इतक्या वर्षांत मी तिच्या टेबलाला कधी हात लावला नव्हता. बाबूचा सूर फळ्यांतून आला आणि कोपरापर्यंत चढला. गाणारा सुरू होण्याआधी एवढा वेळ जातो, हे माझ्या हातांना त्या दिवशी कळलं. चंदन उभाच होता. ड्रम आला तेव्हा त्याचा पाय आपोआप ठेका धरू लागला, हे मात्र मी पाहिलं.

गाणं संपल्यावर संचिता म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला तरी अजून नवंच आवडतं."

"आवडांदे," मेल्विना म्हणाली. "तुझा मत तुझा. भांडया आपण. पण माका मत देव नको म्हणून कोणी सांगूचा नाय." हे शेवटचं ती गुरुप्रसादकडे बघून बोलली. गुरुप्रसाद खुर्च्या सरळ करू लागला.

परतताना गाडीत ती फार खूश होती. कुडाळात थांबून आम्ही भजी खाल्ली.

चंदनने 'नुसत्या तारा' मागे घेतली नाही, आणि घ्यायची काही गरजही नव्हती. ती खूप चालली. ग्रुपमधले निम्मे लोक अजून त्या गाण्यांच्या बाजूने आहेत. मेल्विनाला मात्र कुणी पुन्हा जपून लिहीत नाही. तिला सरळ 'मूर्ख' म्हणतात, ती उलट 'बहिरे' म्हणते, आणि दोन्हीकडून हसण्याची चित्रं येतात. तिचा डावा कान आता जवळजवळ गेलाच आहे. उजवा थोडा थोडा जातोय. ती ते सांगते तेव्हा आवाजात काही हलत नाही, पण अशा दिवशी ती शिवणाचं मशीन फार वेगाने चालवते, हे मी समोरून पाहतो.

मध्यंतरी एका सकाळी मी दुकानातच असताना गुरुप्रसाद स्कूटरवरून आला. सीट फाटलीय म्हणाला. सीट थोडीशीच फाटली होती. मेल्विनाने त्याला बाकावर बसवलं आणि तो बोलू लागला. पुढे वाकून, हात हलवत, बराच वेळ बोलला. ती त्याच्या तोंडाकडे बारकाईने पाहत होती. शेवटी तिने हात वर केला.

"गुरू, तू माफी मागतंस काय भांडतंस?"

"दोन्ही," तो म्हणाला.

"काय?"

"दोन्ही!"

"माका कायएक कळूक नाय. तुझी मिशी ओठार येता. मिशी काप, मगे बोल."

"मिशी नाय कापूचंय!" त्याने दोन्ही हातांनी मिशी झाकली.

तिने टेबलावरचा शिंप्याचा खडू त्याच्यापुढे सरकवला आणि काळ्या रेग्झिनचा एक मोठा तुकडा अंथरला. गुरुप्रसादने खडू उचलला. पहिली ओळ त्याने माफीची लिहिली, ती तिने वाचली आणि फडक्याने पुसली. दुसरी ओळ लिहायला त्याने वेळ लावला नाही: 'फाटक बंद' ही 'गंज'पेक्षा कितीतरी चांगली आहे.

मेल्विनाने त्याच्या हातातून खडू हिसकावून घेतला.